गलतं

बोईसर स्टेशनच्या पुलाखाली पेरूवाल्या बाईशी दमयंतीची जुंपली होती. भांडण नव्हे, नेहमीचंच. बाई म्हणत होती की पेरू आतून लाल हाय, दमयंती म्हणत होती की कापून दाखव, आणि बाई म्हणत होती की कापला त तो तुजा झाला. "अगं, लोक मुलगी बघायला आले तरी चार प्रश्न विचारू देतात, आणि तू मला पेरूलासुद्धा..." इतकं दमयंती बोलली होती, पुढचं जिभेवर तयार होतं, तेवढ्यात जिन्यावरून हाक आली, "घुमे!" दमयंतीने आधी तोंड मिटलं आणि मग ती वळली. हा क्रम तिच्या नंतर लक्षात आला. पेरूवाली वाट बघत राहिली. "पेरूलासुदा काय?" तिने विचारलं. दमयंतीला पुढचं सांगता येईना. ते वाक्य कुणा दुसऱ्याच बाईचं होतं आणि ती बाई आताच कुठेतरी निघून गेली होती. तिने पेरू न कापताच घेतले. जिन्यावरून डोक्यावरचा पदर एका हाताने सावरत आणि दुसऱ्या हातात पिशवी घेऊन आक्का उतरत होती, उतरता उतरताच बोलत होती. अमळनेरहून सुरतेपर्यंत बसायला जागा होती, सुरतेला गाडी बदलताना एका मेलीने पायावर ट्रंक ठेवली, पुढे पॅसेंजर प्रत्येक झाडाखाली थांबत आली. "कशी शे तू? वाळली की गं. जेवत नसशील. चंद्रभानराव बरे? दुसरी पाळी असेल, म्हणून आले नाहीत. पोरगा? हां, सहलीला जाणार होता नाही का. तुला काय विचारायचं म्हणा, माझं मीच बघते." आणि तिने दमयंतीच्या गालावरून दोन्ही हात फिरवून बोटं मोडली. दमयंतीला इतकं बरं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं. आणि त्याच वेळी आज संध्याकाळी घरी काय होणार ते आठवलं.

घुमी हे नाव आक्कानेच ठेवलेलं. दमयंती जन्मली तेव्हा आक्का, म्हणजे नर्मदा, दहा वर्षांची होती. आई दम्याने सदा अंथरुणाला खिळलेली, त्यामुळे धाकटीला न्हाऊ घालायचं, भरवायचं, वेणी घालायची ते आक्काने. हळूहळू धाकटीचं बोलायचं कामही आक्काकडे गेलं. शाळेत नाव घालायला नेलं तेव्हा मास्तरांनी वाकून विचारलं, "बाळ, नाव काय तुझं?" तर आक्का म्हणाली, "दमयंती. तिला काय विचारता, मला विचारा. ती घुमी आहे." मास्तर हसले, दमयंतीने आक्काच्या परकराचा काठ मुठीत धरला, आणि ते ठरून गेलं. पुढे कुणी काही विचारलं की ती फक्त आक्काकडे बघे. तिला लागलेली भूक आक्काला कळे, तिच्या पोटात दुखतंय हे आक्का सांगे, तिला कुठलं परकराचं कापड आवडलं ते आक्का दुकानदाराला सांगे, आणि खरोखरच तेच आवडलेलं असे. दमयंतीला तो शब्द कधी टोचला नाही. आक्काच्या जुन्या लुगड्यांची गोधडी असावी तसा तो होता, आत शिरलं की ऊब. बी.एस्सी.लाही तिला आक्कानेच घातलं. आक्काचं तेव्हा लग्न झालेलं होतं, पण ती सासरहून आली आणि वडिलांना म्हणाली, "शिकू द्या. प्रयोगशाळेत बोलावं लागत नाही. नळ्यांशी काय बोलायचं?" आणि चंद्रभानच्या घरचे बघायला आले तेव्हाही आक्काच पुढे बसली. शिवण येतं का? "येतं." भाकरी? "माझ्यापेक्षा पातळ." चंद्रभानचे काका म्हणाले, "मुलीला बोलू द्या की जरा." आक्का म्हणाली, "बोलेल की. घाई काय आहे, अख्खा जन्म पडलाय." चंद्रभान अजून सांगतो की लग्नाच्या तिसऱ्या दिवशी जेवताना दमयंती "मीठ?" म्हणाली, तेव्हा बायकोला आवाज आहे हे त्याला समजलं.

रिक्षात आक्का कडेला बसली. एमआयडीसीच्या भिंती सुरू झाल्या तसा तिने पदर नाकाला लावला. "माय वं! वास कसला हा?" या प्रश्नाचं दमयंतीकडे एक ठरलेलं उत्तर होतं. चाळीत नवीन कुणी राहायला आलं की ती ते देत असे, आणि बायका ते पुन्हा पुन्हा ऐकत. सोमवारी कडू बदाम, मंगळवारी नासकी अंडी, बुधवारी कुणीतरी रबर जाळतं, गुरुवारी उपास म्हणून नुसताच धूर, आणि शुक्रवारी छान मोकळी हवा आली तर समजावं की संप आहे. प्रत्येक वासाला ती तसं तोंड करून दाखवायची. एका रंगाच्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत नमुने तपासायचं तिचं काम, त्यामुळे कुठला वास कशाचा हे तिला खरंच ठाऊक होतं, पण सांगताना ती मंगळवारची अंडी सांगे. आता ती म्हणाली, "कंपनीचा." आक्काने मान डोलावली. तिला एवढ्याच उत्तराची अपेक्षा होती. रिक्षावाला आरशातून दमयंतीकडे बघत होता. तो ओळखीचा होता. "क्या भाभी, आज चुपचाप? तबियत तो ठीक है?" आक्काने हळूच विचारलं, "काय म्हणतो हा?" "काही नाही." "हिंदी बोलतो का?" आक्का जरा अंग चोरून बसली. मग म्हणाली, "आता घरात माझं तरी कोण ऐकतं? मी बोलायला लागले की सुना टीव्ही मोठा करतात." आणि हसली. दमयंतीही हसली, कारण आक्का हसली होती. ते हसणं तिथंच रस्त्यावर मागे पडलं.

तिची भीती अगदी साधी होती आणि ती तिने मनात नीट मांडून बघितली. बारा-तेरा वर्षं दोन दमयंती सुखाने नांदत होत्या. दिवाळीला माहेरी जायची ती घुमी. सुरतेच्या स्टेशनावर गाडी बदलायची तेव्हाच तिची जीभ जड होत जाई, आणि परतताना त्याच फलाटावर ती पुन्हा हलकी होई. बोईसरला, सालवडच्या चाळीत, राहायची ती वेगळी. तिला सगळे हासरी म्हणत. हासरी, हासरीबाय, हासरी भाभी. नळावर, पिठाच्या गिरणीत, पाळीच्या बसच्या थांब्यावर तिच्याभोवती चार बायका असत. दोघींची कधी गाठ पडली नव्हती, कारण आक्काला घर, गुरं आणि सासू सोडून कधी येता आलं नव्हतं. आता सुना आल्या, सासू गेली, गुरं विकली, आणि आक्का आली. काल प्रयोगशाळेत भाच्याचा फोन आला की मावशी, आई निघाली आहे. आणि आज संध्याकाळी दमयंतीच्याच खोलीत संक्रांतीचं हळदीकुंकू होतं, आमंत्रणं देऊन झाली होती. एका खोलीत आक्काही असणार आणि चाळीतल्या बायकाही. दोघींपैकी एक खोटी ठरणार, आणि ती कुठली हे सांगायला काही शास्त्र लागत नव्हतं. घुमीला आक्काने जन्मापासून पाहिलं होतं. हासरी तर एका चुकीतून निघाली होती, आणि ती चूक दमयंतीखेरीज कुणालाच माहीत नव्हती.

चूक नळावर झाली. लग्न होऊन बोईसरला येऊन तिसराच दिवस. चंद्रभान पहिल्या पाळीला गेलेला. दमयंती रुखवतातला तांब्याचा हंडा घेऊन चाळीच्या नळावर रांगेत उभी राहिली. तीन दिवसांत ती इतकंच शिकली होती की इथे रिक्षावाला, वाणी, दूधवाला सगळे हिंदी बोलतात आणि हिंदी ऐकली की घाबरायचं नाही. तिचा नंबर आला, तिने हंडा भरला, कमरेवर घेतला, तेवढ्यात रांगेतली एक काळीसावळी, ठसठशीत बाई ओरडली, "गलतं, बाय, गलतं!" ती सोमी होती. आतल्या डोंगराकडच्या गावची. शेत पावसावर, म्हणून पावसाळा उलटला की कामाला यायची, मग कारखान्याच्या कँटीनमध्ये पोळ्या लाटायचं बारमाही काम मिळालं आणि चाळीतच राहिली. पण हे नंतर कळलं. तेव्हा दमयंतीला एवढंच ऐकू आलं की ही बाई हिंदीत सांगते आहे, गलत. आपलं चुकलं. नंबर आपला नव्हता. तिने हंडा उतरवून पाणी ओतून दिलं, ओशाळून हसली, आणि रांगेच्या शेवटी जाऊन उभी राहिली. सगळ्या बायका बघत राहिल्या. पुन्हा नंबर आला, पुन्हा भरला. "अगं बाय, गलतं म्हनते ना!" दमयंती आणखी हसली, पुन्हा पाणी ओतलं, पुन्हा मागे. तिसऱ्या वेळी ती इतकी घाबरली होती की हसणं थांबेचना. हंडा कमरेवर, लुगडं कमरेपासून खाली ओलंचिंब, पायाशी थारोळं, आणि ही बाई खदाखदा हसते आहे. मग सोमी हसली. मग सगळी रांग. सोमीने येऊन हंड्याच्या बुडावर बोट लावलं आणि तिथे एक बारीक भोक होतं. "येवडं पानी गलतं आनि तू हसतंस? धन्य हाय गं बाय तुजी! आमची कोन असती त नवऱ्याच्या सात पिढ्या काढल्या असत्या." तेव्हा कुठे दमयंतीच्या डोक्यात उजेड पडला. पुस्तकात गळतं. तिच्या माहेरी त्यालाच गयस म्हणतात. आणि इथे गलतं. पण तोवर फार उशीर झाला होता, तोवर ती हासरी झाली होती. दुसऱ्या दिवशी नळावर गेली तर सोमी लांबूनच ओरडली, "आली बघा हासरी!" आणि सगळ्यांची तोंडं इतकी उत्सुक, इतकी उजळ तिच्याकडे वळली की न हसणं हा उद्धटपणा झाला असता.

त्यानंतर काय घडलं ते तिला स्वतःला क्रमाने सांगता आलं नसतं. लोक हसायच्या तयारीने बघत होते म्हणून ती काहीतरी बोलली. ते हसले म्हणून आणखी बोलली. एका उन्हाळ्यात चाळीतल्या बायका मिळून शिरगावच्या किनाऱ्यावर गेल्या, तिथे किल्ल्याच्या सावलीत बसून तिने प्रयोगशाळेतल्या साहेबांची नक्कल केली, बाटली नाकाला लावून मान मागे टाकण्याची, आणि ठकीमावशीला हसता हसता उचकी लागली ती घरी येईपर्यंत थांबली नाही. आपल्यात हे कुठे होतं? असेल का सगळं आधीपासून, गोधडीच्या आत दबलेलं? की नळावरच्या त्या तोंडांनी ते तयार केलं? एकदा हळदीकुंकवालाच तिने बायकांना गंमत दाखवली होती. बशीत चिमूटभर हळद घेतली आणि ठकीमावशीच्या पानाच्या डबीतला चुना त्यात बोटाने कालवला. हळद लालभडक झाली. "कुंकू असंच करतात," ती म्हणाली होती. मग वरून लिंबू पिळलं तर पुन्हा पिवळी. बायका चकित. सोमीने कपाळाला आठ्या घालून विचारलं होतं, "म्हंजे तिचा खरा रंग कोन्ता?" दमयंतीने त्यावर काहीतरी विनोद केला आणि वेळ मारून नेली. पण रात्री भांडी घासताना ती बशी तिच्या हातात पुष्कळ वेळ राहिली. प्रयोगशाळेत असा प्रश्न कुणी विचारत नाही. तिथे विचारतात, कशात घातली?

आणि आज जिन्यावरून लिंबाचा एकच थेंब पडला होता.

संध्याकाळी दिवेलागणीला बायका आल्या. सगळ्यांच्या आधी ठकीमावशी. तिला हळदीकुंकवाशी कर्तव्य नव्हतं, ती पानासाठी यायची आणि भिंतीला पाठ लावून शेवटपर्यंत बसायची. मग सोमी, केसात अबोलीचा वळेसर. मग समोरच्या खोलीतली बिहारी भाभी, आणि आणखी सात-आठ जणी. आक्का नवं इरकल नेसून पलंगाच्या कडेला बसली होती. दमयंतीने हळद लावली, कुंकू लावलं, तिळगूळ दिला, वाण म्हणून चहाच्या गाळण्या दिल्या. हे सगळं तोंड न उघडता करता येतं. गाळणी हातात घेऊन सोमीने ती डोळ्याला लावली, तिच्यातून दमयंतीकडे बघितलं आणि वाट बघत राहिली. गाळणीवर हासरी काहीतरी बोलणारच. दमयंती चहा ओतायला वळली. "आज काय झालं गं हिला?" मागे कुजबुज झाली. "नवऱ्याशी भांडली काय?" "बहीन आली ना, मान ठेवतं." दमयंतीला कपबशांचा आवाज फार मोठा वाटला. एका बाजूला आक्का शांतपणे बघत होती. घुमी चहा देते आहे, घुमी नेटकी आहे, घुमीचं सगळं ठीक चाललं आहे. दुसऱ्या बाजूला दहा तोंडं अर्धवट हसू तयार ठेवून बसली होती. दोन्हीकडच्या नजरा तिच्या अंगावर मधोमध येऊन भेटत होत्या आणि तिथे कुणीच नव्हतं.

"चल, पुरे झाला मान," सोमी म्हणाली. "हासरे, नाव घे."

दरवर्षी ती नवा उखाणा रचायची. पाळीचा वाजला भोंगा, बस उभी दारात, चंद्रभानराव गेले कामाला, डबा राहिला घरात. नुसता स्वतःचाच नव्हे, सगळ्यांचे. सोमीला करून दिलेला सोमी अजून घ्यायची, कँटीनच्या पोळीला तेल ना तूप, देवूचं नाव घेते, त्याचं भांडण खूप. या वर्षीचाही तयार होता, गाळणीवरचाच. दमयंतीने ओठ उघडले. आक्काने तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं, तिला तो चेहरा चांगला ओळखीचा होता. ती प्रेमाने, लगबगीने मदतीला धावली.

"तिला काय सांगता?" आक्का म्हणाली. "ती नाही बोलायची. ती घुमी आहे."

बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. मग जो हशा फुटला त्याने कपबशा वाजल्या. "ही? घुमी?" बिहारी भाभीला कुणीतरी अर्थ सांगितला आणि ती पोट धरून बसली. "आक्का तुझ्यावर गेली गं, हासरे! न हसता मारतं!" आक्काला हे समजेना. तिने काही विनोद केला नव्हता. ती एकीकडून दुसरीकडे बघू लागली, आणि तिच्या तोंडावरचं हसू जागच्या जागी वाळलं. दमयंतीने ते पाहिलं.

"मंग तूच घे नाव, आक्का," सोमी म्हणाली. "तू मोठी. तुजा मान पयला."

आक्काला पन्नासेक उखाणे पाठ होते. गावात लग्न असलं की तिला बोलावणं येई, विहिणींना ती उखाण्यांनी रडवायची. तिने बशीत चहा ओतला, घसा साफ केला. "चांदीच्या ताटात..." ती म्हणाली, आणि थांबली. दहा अनोळखी तोंडं. न समजणारी बोली. हशा कशाला झाला ते माहीत नाही, पुढचा कशाला होईल ते माहीत नाही. "चांदीच्या ताटात..." आक्का पुन्हा म्हणाली आणि तिने दमयंतीकडे पाहिलं. मुठीत परकराचा काठ धरलेली मुलगी बघते तसं पाहिलं. ही नजर तिची स्वतःची होती, ती तिने बाहेरून कधी पाहिली नव्हती. आक्काच्या हातातली बशी कलंडली होती आणि चहाची बारीक धार इरकलाच्या काठावर पडत होती. सोमी दमयंतीच्या कानाशी वाकली. "तुजी बहीन घुमी हाय काय गं?" आणि लगेच तिचं लक्ष बशीकडे गेलं. "अगं आक्का, गलतं! गलतं!"

आक्का दचकली. "चुकलं का?" ती म्हणाली. तिचा आवाज अगदी लहान आला. "सोन्याच्या म्हणू का? सोन्याच्या ताटात..."

बायकांनी श्वास घेतला. आता हसणार होत्या त्या. दमयंतीला आपण उठल्याचं समजलं नाही. तिने आक्काच्या हातातली बशी काढून घेतली आणि म्हणाली, "तिला काय विचारता? मला विचारा." मग खाली बसली, आक्काला टेकून, आणि सांगायला लागली. "सोमे, ती हिंदी समजली. गलत. तू गलतं म्हणालीस की आमच्याकडच्या माणसाला वाटतं आपलं चुकलं. मलासुद्धा वाटलं होतं. नळावर. त्या दिवशी मी हसले कुठे होते? मला वाटलं माझा नंबर चुकला. भीतीने हसत होते मी. तीनदा पाणी ओतून दिलं ते का? हौस म्हणून?" बोलता बोलता ती थांबली, कारण सगळ्या गप्प झाल्या होत्या. हे तिने कधी सांगितलं नव्हतं. चंद्रभानलासुद्धा नाही. आपण काय केलं ते तिला त्या शांततेत हळूहळू कळत गेलं. हासरी तिने आत्ता सगळ्यांदेखत उलगडून ठेवली होती, आत काही नाही हे दाखवून.

"म्हंजे," सोमी सावकाश म्हणाली, "तू तवा हसलीच नव्हतीस?"

"नव्हते."

सोमीने ठकीमावशीकडे पाहिलं. ठकीमावशीने पानाचा तोबरा या गालातून त्या गालात नेला. "नव्हती हसली," ती म्हणाली. "मंग आमी काय नळाचं हसनं ऐकलं?"

कुणीतरी फुस्सकन हसलं. "येवडी वर्सं," ठकीमावशी आणखी गंभीर होऊन म्हणाली, "आमी त्या नळालाच बोलावत जाऊ मंग. हासऱ्या, ये, नाव घे!" आणि खोली पुन्हा फुटली. भाभी म्हणाली, "अरे, गलत नहीं, गलतं!" आणि तो शब्द हातोहात फिरू लागला, प्रत्येकीला तो एकदा म्हणून बघायचा होता. त्या गदारोळात आक्काने दमयंतीचं मनगट धरलं.

"कोणता हंडा?"

"अगं, रुखवतातला."

"मी दिलेला?"

"हो."

"गयस?" आक्का उठून उभी राहिली. "माझा हंडा गयस? माय वं! अमळनेरच्या तांबटाकडून मी स्वतः वाजवून घेतला होता तो! त्याला म्हटलं होतं, मेल्या, बहिणीला द्यायचा आहे, बुडाला जाड पत्रा घाल. त्याने वर दोन रुपये जास्त मागितले, मी म्हटलं दोन काय चार घे, पण उद्या तिच्या सासरी कुणी नाव ठेवलं तर तुझ्या दुकानात येऊन तुझी दाढी उपटेन! आणि हा गळका निघाला? आणि तू मला आज सांगतेस? घुमे, बारा वर्षं?" ती आता सगळ्या खोलीला सांगत होती, हातवारे करून, तांबट कसा नाकात बोलायचा तेही करून दाखवत होती. बायका तिच्याकडे वळून बसल्या. सोमी गुडघ्यावर हात मारून म्हणाली, "नाय गं बाय, घुमी नाय ही! दोगी एकाच खानीतल्या!"

"कुठाय तो?" आक्का म्हणाली. "आण. मला बघायचाय."

हंडा पलंगाखाली होता. नळावरच्या त्या दिवसानंतर त्याला डाग देऊन भोक बुजवलं होतं आणि तेव्हापासून त्यात तांदूळ भरत. दमयंतीने तांदूळ परातीत ओतले, हंडा पुसला. काठाच्या खाली कोरलेलं होतं, चि. दमयंतीस, नर्मदाकडून. सोमीने बादलीतलं पाणी आणून ओतलं. बूड दिसायला हंडा उंच धरायला हवा, म्हणून एक कड आक्काने धरली, दुसरी दमयंतीने. सगळ्या बायका खाली वाकल्या. ठकीमावशीसुद्धा भिंत सोडून पुढे सरकली. गाळण्या हातात तशाच राहिल्या. दमयंतीला समोर आक्काचा चेहरा दिसत होता, जीभ दातांत धरलेली, डोळे बारीक केलेले. घुमीची वेणी घालताना तो असाच असे. तिला हसू येऊ लागलं, पण हे हसू कुणी मागितलेलं नव्हतं आणि ते कुठल्या दमयंतीचं हे बघायला तिला सवड नव्हती, कारण हंडा जड होता आणि दोघींच्या हातांतून निसटू बघत होता. बुडाशी, जुन्या डागाच्या कडेला, काहीतरी चमकलं. ते फुगत गेलं, लोंबलं, अडून राहिलं.

"गलतं!" आक्का आनंदाने ओरडली. "गलतं गं, गलतं!"